फकिराच्या वाटणीची अर्धी बिडी

जमनाबाईनं नवरा जिवंत असेपर्यंत कधी बिडी पेटवली नव्हती, आणि उमरखेडजवळच्या त्यांच्या तांड्यात तिच्याइतकी बिडी ओढणारी दुसरी बाई नव्हती. दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या. पेटवायचा तो फकिरा, तिचा नवरा. हाताचा आडोसा करून काडी ओढायची, सावकाश अर्ध्यापर्यंत यायचं, आणि मग काही न बोलता हात बाजूला करायचा. त्या हातात उरलेली अर्धी जमनाबाईची.

हे सुरू झालं लग्न होऊन ती तांड्यात आली तेव्हा. सासू रामीबाई मोठी खट. स्वतः दिवसभर धूर काढायची, पण सुनेनं बिडीकडे नुसतं पाहिलं तरी डोळे वटारायची. जमना शेणाची पाटी घेऊन उकिरड्यावर गेली की हा पठ्ठ्या तिथं आधीच हजर. जळती अर्धी तिच्या हातात द्यायचा आणि कोणी येतं का ते पाहत तोंड फिरवून उभा राहायचा. पुढे सासू गेली, जमना स्वतः म्हातारी झाली, दारात बसून बिड्यांचा पूर्ण कट्टा ओढला असता तरी तिला विचारणारं कोणी नव्हतं. पण तिनं पूर्ण बिडी कधी मागितली नाही. अर्धीच. सकाळी अर्धी, वावरातून आल्यावर अर्धी, रुसवा असला तरी अर्धी. दोघांचं भांडण झालं की फकिरा बोलायचा नाही, पण हात बाजूला व्हायचाच. तिनं अर्धी घेतली की भांडण मिटलं, असा हिशोब.

गेल्या उन्हाळ्यात फकिरा गेला. छातीनं गेला. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथून तो जिवंत परत आला नाही.

मग जमनाबाई काडी ओढायला शिकली. आधी जमेना, बोटं भाजायची, काड्या वाया जायच्या. आणि बिडीची जात मोठी हट्टी. कोणी ओढलं नाही तर ती आपोआप विझते. नुसती पेटवून बाजूला ठेवली तर फकिराच्या वाटणीची कशी जळणार? म्हणून त्याची अर्धीही तिलाच ओढावी लागायची. त्याच्या वाटणीचा धूर ती नुसता तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची, आत जाऊ द्यायची नाही. दुसऱ्याचं आहे ते, कशाला गिळायचं? अर्ध्यावर आली की मग आपली. आणि हे चाललेलं असताना ती त्याच्याशी बोलायची. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. तुरीला शेंग धरली, धावजीची म्हैस व्याली, आज पाठ फार दुखून राह्यली. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, जमनाबाईचं डोकं सरकलं. लोकांचं काय जातं म्हणायला!

मुलगा बबलू. त्याचं उमरखेडला कृषी केंद्र आहे, बियाणं-औषधांचं दुकान. चांगलं चालतं. बाप गेल्यावर काही महिने आई तांड्यातच होती, पण त्यानं तिला तिथं फार दिवस एकटं राहू दिलं नाही, उचलून शहरात आणलं. सून अंजू शाळेत मास्तरीण, स्वभावानं गरीब, सासूला ताट वाढून दिल्याशिवाय जेवायची नाही. सगळं होतं. नव्हतं ते बोलायला माणूस. बबलू दुकानात, अंजू शाळेत, शेजारच्यांची दारं लावलेली. जमनाबाई गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसायची, तिथं बिडी पेटवायची, तिथंच फकिराशी बोलायची. आणि बबलूला नेमकं तेच खपायचं नाही. धुराचा वास आला की तो खालून ओरडायचा. जमनाबाईला वाटायचं, पोराला लाज वाटते. दुकानात चार मोठी माणसं येतात, अंजूच्या शाळेतल्या बाया येतात, आणि वर म्हातारी फेटिया, तांड्यातला तो घागरा, घालून धूर काढत बसलेली. वाटणारच की लाज.

तर या बबलूनं यंदा बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं. कंपनीवाले खूष झाले की दुकानदारांना ट्रिपला नेतात. यंदा जहाज. मुंबईहून निघायचं, समुद्रातून गोव्याकडे जायचं आणि फिरून परत यायचं. तिकिटं दोघांची. अंजूची शाळेत परीक्षा होती, म्हणून बबलू आईला म्हणाला, "याडी, तू चाल." तांड्यात आईला याडी म्हणतात. मायलेक घरात गोरबोलीतच, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतच बोलतात, पण ते इथं सगळ्यांना कळेल अशा वऱ्हाडीत सांगितलेलं बरं.

मुंबईच्या बंदरावर सामान तपासलं. तपासणाऱ्या बाईनं जमनाबाईच्या चंचीतून काडेपेटी काढून घेतली आणि बाजूच्या टोपल्यात टाकली. बिडीचा कट्टा तिनं परत दिला होता. पण बबलूनं तो मधेच घेतला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"काहून टाकला रे?"

"जहाजावर बिडी चालत नाही, याडी. कोठीच नाही. सापडली तं मधातच उतरवून देतात."

"मधात कोठी उतरवते? पाण्यात?"

"हो मग."

जमनाबाईनं मानलं. पोरगा शिकलेला, त्याला माहीत असणार. नियम आहे तर आहे.

जहाज म्हणजे काय, आपल्या उमरखेडचा सगळा बाजार त्यात मावला असता. झुंबरं, गाणी, जेवायला बसावं तर काय घ्यावं कळेना. जमनाबाईनं वरण-भात घेतला. खोलीत मऊ गादी होती, पण खिडकी उघडायची सोय नव्हती. दारामागे एक चित्र लावलं होतं, सिगारेट आणि तिच्यावर लाल रेघ. जमनाबाईला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती. चित्रात बिडी नव्हती खरी, पण तेवढ्यावरून वाद घालणारी ती नव्हती. आणि वाद घालून उपयोग काय? कट्टा कचऱ्यात, काडेपेटी टोपल्यात.

बबलूच्या बैठका सुरू झाल्या. कंपनीचे साहेब, नवीन वाणाची माहिती, टाळ्या. जमनाबाई खोलीत. शेजारच्या खोलीतल्या बाया हिंदी बोलायच्या, हसून हात जोडायच्या आणि निघून जायच्या. तलफ तर होतीच, डोकं धरायचं, हात शिवशिवायचे. पण ते तिनं सोसलं असतं, तिनं याहून जास्त सोसलं होतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. फकिराशी बोलणं नाही. एवढं पाणी पाहिलं, एवढा मोठा लोखंडाचा डोंगर तरंगताना पाहिला, आणि सांगायचं कोणाला? बिडीशिवाय बोलायला गेली तर शब्दच फुटेना. नुसत्या भिंतीशी काय बोलायचं. दिवसभर ती मिटल्यासारखी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती हवा खायला वर गेली. रेलिंग धरून मागच्या बाजूला निघाली, तर वास आला. चुकणार कसा तो? ती वासामागे गेली. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला एक कोपरा होता, दोन बाकं, वाळूचे डबे, खांबाला बसवलेला लाईटर. तिथं उभे राहून लोक बिनघोर सिगारेटी ओढत होते.

त्यातला एक ओळखीचा निघाला. वणीचा घनश्याम, त्याचंही कृषी केंद्र. बबलूबरोबर बंदरावर बोलत होता तो. त्यानं तिला पाहून जागा दिली, पण तोंडाचा पट्टा चालूच होता. "वणीत कोळशाची धूळ खात जन्म गेला, तिथं कोणी विचारत नाही. अन् अथी मोकळ्या समुद्रात आपल्याले कोपऱ्यात कोंबलं. खोलीत नाही, गॅलरीत नाही, जेवणावर नाही. एवढी मोठी हवा, ते काय माह्या धुरानं संपून जाते?"

"आग लागली तं पळशीन कोठी, भाऊ?" बाकावर बसलेली एक तरणी बाई म्हणाली. नागपूरची सुरभी, नवऱ्याबरोबर आली होती. "मले तं हा कोपरा लय आवडला. घरी गच्चीवर लपून ओढा, मग लवंग खा, मग दात घासा. अथी बोर्डच लावला हाय, का ओढा म्हणून. कोणी वाकडं पाहत नाही."

"म्हणजे अथी चालते?" जमनाबाईनं विचारलं.

"चालते ना, काकू. याच कोपऱ्यात, पण चालते. सगळ्यायले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

जमनाबाई बाकावर बसली. बबलू खोटं बोलला. लहानपणापासून तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता. बोराच्या झाडावरून पडला तरी येऊन सांगायचा. आणि आता एवढं मोठं खोटं, मधात उतरवून देतात म्हणे. तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. एवढी लाज वाटते का रे माझी?

सुरभीनं सिगारेट पुढे केली. "घ्या काकू. बिडीची सर नाही येणार."

जमनाबाईनं ती घेतली. लाईटरनं पेटवली, एक झुरका तोंडात घेऊन सोडून दिला, आणि नेहमीसारखा फकिराचा दुसरा झुरका घेणार तर पाहते काय, सिगारेट आपलीआपण जळत होती. वारा सुटला होता. कोणी ओढत नसताना टोक लाल व्हायचं, राख वाढायची, उडून जायची. बिडी असती तर केव्हाच विझली असती. ही विझत नव्हती. कोणी तरी ओढत होतं.

ती हात तसाच बाजूला धरून बसली. इतक्या महिन्यांत त्याच्या वाटणीची तिला ओढावी लागली होती, आज पहिल्यांदा तो आपली आपण ओढत होता. "पाह्य," ती हळूच म्हणाली, "केवढं पाणी हाय." मग सगळं बाहेर पडलं. जहाजाचं, वरण-भाताचं, न उघडणाऱ्या खिडकीचं, बबलूच्या खोट्याचं. "तुहाच पोरगा हाय, त्याले सांग काही," असंही म्हणाली. घनश्यामनं सुरभीकडे पाहिलं. दोघं आपल्या सिगारेटी विझवून निघून गेले. जमनाबाईला त्याचं काही वाटलं नाही. ती सुखात होती.

सिगारेट अर्ध्यावर आली. आता तिची. ती तोंडाकडे नेणार, तेवढ्यात बबलू आला. धावत आला होता, शर्ट घामानं भिजलेला.

"याडी! सारं जहाज पालथं घातलं मी. खोलीत नाही, जेवणावर नाही. मले वाटलं पाण्यात..." तेवढ्यात त्याला हातातली सिगारेट दिसली.

"खोटं काहून बोल्ला रे?"

बबलूनं बाहीनं कपाळाचा घाम पुसला.

"लाज वाटते ना माही? सांग ना मोकळं. तांड्यातली म्हातारी, धूर काढते, चार लोकांत कशी दाखवू. तसं सांगतलं असतं तं मी आलीच नसती."

"लाज?" बबलू तिच्याशेजारी मटकन बसला. "लाज कायची, याडी? मले भेव वाटते."

"कायचं भेव?"

"बापूच्या शेवटच्या दिवशी डाक्टरनं एकालेच आत जाऊ देल्लं. तू बाहेर बसली होती. आत मी होतो." तो पाण्याकडे पाहत बोलत होता. "हवा आत जात नव्हती त्याच्या. तोंड उघडे, अन् काहीच जात नव्हतं. माहा हात असा धरला होता, का सुटता सुटे ना. तू नाही पाह्यलं ते. मी पाह्यलं. अंजूलेही नाही सांगतलं. आता सकाळी गच्चीवर तू खोकलतं ना, तं मी हातचं काम टाकून उभा राहतो. तुहा खोकला थांबेपर्यंत उभाच राहतो. मले पुन्हा तसं पाहणं होत नाही, याडी. म्हणून बोल्लो खोटं. म्हटलं, या बहाण्यानं तरी सुटंल तुही बिडी."

जमनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतके महिने ती गच्चीवर बसून त्याच्या बापाशी बोलत होती, आणि खाली हा एकटा तिचा खोकला मोजत होता. तिला कळलंच नव्हतं.

सिगारेट अजून जळत होती, आता तिच्या वाटणीची. ती सांगू शकली असती. पोरा, ही बिडी नाही रे, हा तुझा बापू आहे, एवढाच उरला आहे माझ्याजवळ. पण मग तो काय म्हणाला असता? ओढ म्हणाला असता. आणि खाली उभा राहून खोकला ऐकत बसला असता, मरेपर्यंत.

तिनं सिगारेट वाळूच्या डब्यात खुपसली आणि चांगली दाबून विझवली.

"नाही ओढत आता," ती म्हणाली.

"खरं?"

"तुही शपथ."

बबलूनं डोळे पुसले, तिच्या खांद्यावर हात टाकला. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. जमनाबाईनं समुद्राकडे पाहिलं. सांगण्यासारखं खूप होतं, सूर्य पाण्यात बुडत होता, पाणी तांबडं झालं होतं. तिनं तोंड उघडलं. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. दवाखान्यातून फकिराचं प्रेत आणलं तेव्हा तांड्यातल्या बायांनी तिला रडवायचा किती प्रयत्न केला होता, ती रडली नव्हती. आता जहाजाच्या मागच्या टोकाला बसून ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली, ओक्साबोक्शी, नुकतंच माणूस गेल्यासारखी.

बबलू घाबरला, तिची पाठ चोळायला लागला. "पहिले पहिले जड जाते, याडी. घनश्यामभाऊनं बी एकडाव सोडली होती, तो सांगे. थोडे दिवस तरास होते, मग माणसाले आठवण बी येत नाही."

"हो बेटा," जमनाबाई म्हणाली.