लादीवरची रोवणी

पाणी नाही, चिखल नाही, धानाचं एक रोप नाही. तरी व्यायाम घेणाऱ्या बाई दर बुधवारी दवाखान्याच्या लादीवर रोवणी, म्हणजे भातलावणी, करवून घेत. लकवा झालेले सात-आठ रोगी लुगडी-धोतरं खोचून वाकत आणि बाई ओरडत, "चिखल हाय जी, पाय उचलून टाका!"

भंडारा जिल्ह्यातल्या त्या दवाखान्यात मी तेव्हा बडा बाबू होतो. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. माझं टेबल भिंतीपलीकडे. हशा ऐकला की माझं डोकं तडकायचं. एकदा जाऊन म्हणालो, "तुम्हाला व्यायाम घ्यायला नेमलंय, खेळायला नाही."

"बाबूजी, 'हात वर करा' म्हटलं का यांना आपला हात मेला हेच आठवते. काम सांगितलं का विसरतेत."

मला ते उर्मट वाटलं. खरं म्हणजे पटलं, म्हणून वाटलं.

जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले तो बुधवारच होता. आसगावच्या दामाजींचा उजवा हात पाच महिने नुसता लोंबत होता. बाईंनी खडूनं आखलेल्या बांधावर आंधळगावच्या एका म्हातारीचा पाय पडला, आणि दामाजी भडकले.

"ए बुढे, माह्या धुऱ्यावर कायले चढून राहिली?"

"तुहा धुरा तिकडं हाय! डोळे फुटले का?"

शब्दाला शब्द लागला. "मांगं सर!" म्हणत दामाजींनी हात उगारला. उजवा. पार खांद्यापर्यंत. बाईंनी तोंडाला पदर लावला. मी दारातच होतो, मी पाहिलं.

साहेबांनी गोंगाटाचा अहवाल मागितला. मी लिहिलं : रोग्यांत भांडण, शिस्त नाही, उपचाराच्या नावाखाली खेळ. हाताबद्दल अक्षर नाही.

संध्याकाळी बाई आल्या. "भांडण झालं ते लिहा, मी नाही म्हणत नाही. पण हात वर गेला, तेवढी एक ओळ टाका जी."

"कागद गेला," मी म्हणालो.

वर्ग बंद झाला, बाईंची बदली झाली. दामाजी पुढचे दोन बुधवार एसटीनं आले. "बाबूजी, रोवणी काहून बंद?" मी म्हणालो, "वरून हुकूम." तिसऱ्या बुधवारी ते आले नाहीत.

बाई पुढे कुठे गेल्या, मी कधी विचारलं नाही. जुने लोक अजून सांगतात, त्यांच्या वर्गात मारामारी झाली. मारामारी झाली नव्हती. आणि त्या संध्याकाळी कागदही कुठे गेला नव्हता. माझ्या कोपराखाली होता, सही व्हायची होती.