वाढत्या अंगाचं माप

माझ्या मामाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. त्याने शाळेत कधी शिकवलं नाही, आणि स्वतः शिकला तोही बेताचाच. पण चाळीस वर्षं त्याने शाळकरी मुलांचे गणवेश शिवले, आणि तेही वाढत्या अंगाचे. चड्डीच्या दुमडीत तीन बोटं कापड, बाजूच्या शिवणीत पुढे उसवून वाढवता येईल असा जादा कापडाचा दाब, बाहीच्या आत लपवलेली एक घडी. "पोरगं वर्षभर आहे तेवढंच राहणार आहे का?" असं म्हणत तो टेप गळ्यात टाकायचा. आपल्या हातचं कापड कधी ऑल्टरला परत आलं नाही, एवढा एकच गर्व त्याला होता.

घर दोघांनी न भांडता वाटून घेतलं होतं. वरच्या मजल्यावर मामाचं मशीन, खाली मागच्या दाराबाहेर मामीचे चार वाफे. त्या दाराचा उंबरा मामाने कधी ओलांडला नाही. मातीची बोटं पांढऱ्या शर्टाला लागली तर काय घ्या, असं तो म्हणे. मामी त्याला आळस म्हणे. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, पांढरे शर्ट गेले, तरी उंबरा तिथेच होता.

मग मामी घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि ती वरच्या खोलीत वॉकर घेऊन बसली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हाड नीट बसलंय, आता जिना उतरायला हरकत नाही. चौदा पायऱ्या. मामी पहिल्या पायरीपर्यंत जाई, खाली बघे आणि परत फिरे.

"खाली माझं काय ठेवलंय?" ती म्हणे.

"अगं, तुझे वाफे आहेत ना," मामा म्हणे.

बाई मामाला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज्जींनी आत्ता मनावर घेतलं नाही, तर पुढे अवघड आहे." मामाने मान हलवली. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा उंबरा ओलांडला.

पडण्याच्या आठवडाभर आधी मामीने कोबीची चोवीस रोपं लावली होती; ती आतापर्यंत पावसावर तगली होती. मामा रोज त्यांना पाणी घालू लागला, आणि वर येऊन बातमी देऊ लागला. "मस्त आहेत. टवटवीत."

खरं तर नव्हती. दुपारी पानं माना टाकायची, कडेने जांभळट पडायची. तहान लागली असेल म्हणून मामा आणखी पाणी ओती. रोपं आणखी कोमेजत. "झकास आहेत," तो वर सांगे. घाबरट माणसाला खोटं बोलताना विशेषणं फार सुचतात.

पण त्या बातम्यांचा परिणाम उलटाच झाला. "बघा," मामी म्हणाली, "माझ्यावाचून काही अडत नाही." आणि तिने वॉकर भिंतीला टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामाने एक मेलेलं रोप धरून ओढलं. ते अलगद हातात आलं, जणू कोणी कच्च्या टाक्याने टाचून ठेवलं होतं. खाली मूळ असं उरलंच नव्हतं. तपकिरी, कुजका दोरा आणि त्यात वळवळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या. मामाने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर नेलं आणि तिच्या पुढ्यात उघडलं.

मामीने कागद जवळ ओढून रोप निरखलं. मग तिचा आवाज चढला.

"हे झकास होय? किती गेली?"

"सात. नाही, हे धरून आठ."

"आणि तुम्ही पाणी ओतत होता! मास्तर, मूळच नाही तर पाणी प्यायचं कशाने?" बऱ्याच दिवसांनी ती उशीचा आधार सोडून ताठ बसली. "माशी खोडाशी, मातीवर अंडी घालते. अळी खाली उतरते आणि मूळ खाते. मेलेली सगळी मातीसकट उपटा. खताच्या खड्ड्यात टाकाल तर याद राखा. उरलेल्यांच्या खोडाला मातीची भर द्या, नवी मुळं फुटतील. आणि खोडाभोवती माती झाका. पुठ्ठा, जाड कापड, काहीही. माशीला शिरायला सुईएवढी फट राहता कामा नये."

कापड म्हटल्यावर मामाच्या अंगात वारं शिरलं. इस्त्रीच्या टेबलावरचं जुनं, करपलेलं जाड लोकरी कापड त्याने माळ्यावरून काढलं. बशी ठेवून खडूने सोळा गोल आखले. प्रत्येक गोलाला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर आणि मध्ये खोडापुरतं भोक. त्यासाठी तो टेप घेऊन वाफ्यात उकिडवा बसला आणि एकेका रोपाचं माप वहीत उतरवलं. चिरेला प्रेसबटन लावलं. पलंगावरून मामी ओरडली, "बटनं कशाला?"

"सफाई," मामा म्हणाला.

रोपं तगली. नवी पानं निळसर, ताठ आली. मामाने आता खरं सांगितलं, तरी मामीला ते खरं वाटेना. मग तीन आठवड्यांनी तो वर आला तो पडेल चेहऱ्याने.

"पानं परत पिवळी पडताहेत. अळी नाही, मी बघितलं. खोड कापडाखाली बारीक झालंय, वरती फुगलंय."

"ढील किती ठेवली होती?" मामीने विचारलं.

मामा टेपची गुंडाळी करू लागला.

"मास्तर?"

"तूच म्हणालीस ना, फट नको."

"चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना दाब सोडलात, आणि माझ्या कोबीला गळफास?" ती हसली, इतकी की तिला खुब्याला हात लावावा लागला. मग वॉकरकडे बोट दाखवून म्हणाली, "तो द्या इकडे. तुमच्यावर सोपवलं तर एक वाचायचं नाही."

चौदा पायऱ्यांना सव्वीस मिनिटं लागली. मामा एक पायरी पुढे, उलटा उतरत होता, माप घेताना धरतो तसे दोन्ही हात पुढे करून. सातव्या पायरीवर ती थांबली. तोही हात तसेच धरून थांबला. सगळ्यात खालची पायरी उतरल्यावर तिने त्याचा दंड सोडला आणि मागच्या दाराकडे निघाली.

तो वाफ्यात बसला, ती खुर्चीवर. बटनं काढली. मग त्याने भोकाभोवती आठ बारीक चिरा दिल्या, खोड जाडावेल तशा उमलतील अशा, आणि तरी कापड खोडाला टेकलेलं राहील अशा. मामीने काठीने एकेक गोल दाबून बघितला. दोन पुन्हा करायला लावले. मामाने निमूटपणे केले.

"पहिलंच ऑल्टर," तो पुटपुटला.

"कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली.

ऊन तिच्या पायांवरून गुडघ्यापर्यंत चढलं तशी ती उठली. उंबऱ्याशी दम खायला थांबली आणि मागे न बघता म्हणाली,

"उद्या खुर्ची जरा सावलीत ठेवा."