दोन कॅसिनोंतला बरा

आमच्याकडे फ्रिज असो वा विमा, दोन पर्याय तुलनेसाठी माझ्याकडे येतात. कॅनडातल्या धाकट्या भावाने मला इथे डब्लिनला दोन ऑनलाइन कॅसिनोंच्या लिंक पाठवल्या. "दादा, बोनस कुठला बरा?"

अटी वाचल्या. पहिल्यात शंभर डॉलरच्या बोनससाठी साडेतीन हजारांचे डाव खेळायचे, दुसऱ्यात दोनशेसाठी दहा हजारांचे. "पहिला कमी बुडवेल, पण दोन्ही नकोत," असं मी स्पष्ट लिहिलं.

त्याने बायकोला अर्धंच वाक्य वाचून दाखवलं आणि घरासाठी साठवलेले पैसे पहिल्यात घालवले. काल ती फोनवर म्हणाली, "दादा, तुम्ही तपासलंय म्हणून मी गप्प बसले."

संतापून मी त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "दुसऱ्यात याहून जास्त गेले असते ना?"