लॅमिनेट केलेलं तिकीट

आमच्या ह्यांना कागद उघडा दिसला की राहवत नाही. सरकारी संशोधन संस्थेत सगळी नोकरी झाली. निवृत्त होताना तिथून पेन्शन आणली आणि ही सवय आणली. घरातला प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये. आधार कार्ड, विजेचं जुनं बिल, माझ्या रक्तगटाचा रिपोर्ट, इतकंच काय, आरत्यांचा कागदसुद्धा. बंगळूरच्या मल्लेश्वरममधला आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला हे लांबून दिसले की लॅमिनेशनचं मशीन तापायला लावतो आणि "बन्नी सर, स्वल्प वेट माडी," म्हणजे या सर, जरा थांबा, म्हणत स्टूल पुढे सरकवतो.

आमची लेक प्रागमध्ये नोकरी करते. मागच्या खेपेला ती आली तेव्हा तिथली दोन तिकिटं ठेवून गेली. प्रत्येक तिकिटावर तीन दिवस मेट्रो, ट्राम, बस, काहीही. "तुम्ही याल तेव्हा लागतील," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी दोन्ही तिकिटं प्लास्टिकमध्ये गेली. "आता फाटणार नाहीत, भिजणार नाहीत," हे म्हणाले. बरोबरच होतं. इतकी सुरक्षित तिकिटं त्या शहरात आजवर कोणी नेली नसतील.

प्रागला फिरायला चाललोय असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आमची परीक्षा होती. वर्षभर लेक फोनवर एकच विषय काढत होती: मल्लेश्वरमचं घर विका, व्हाइटफील्डच्या पलीकडे ज्येष्ठांसाठी संकुल आहे तिथे जा. तिथे बाथरूममध्ये घंटी आहे, गेटवर अ‍ॅम्ब्युलन्स आहे, रोज सकाळी हसण्याचा वर्ग आहे. मला हसायला वर्ग लागत नाही, घरात हे आहेत. पण लेकीला आमच्या जिन्याची भीती वाटायची, ह्यांच्या गुडघ्यांची वाटायची आणि सगळ्यांत जास्त आमच्या अकलेची वाटायची. शेवटी ती म्हणाली, "आधी इकडे प्रागला या. मला ऑफिस आहे. तीन दिवस तुमचे तुम्ही शहर फिरा. बघूया कसं जमतं." त्या 'बघूया'वर आमचं घर टांगलं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

म्हणून हे पेटले. विमानतळावर जाताना येलहंका मागे पडायच्या आत त्यांनी पासपोर्ट चारदा चाचपले. प्रागच्या मेट्रोचा नकाशा पाठ केला होता, अर्थात लॅमिनेट करूनच. तिथे पोचल्यावर लेक टॅक्सीने घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना दारातून म्हणाली, "काही लागलं तर फोन करा हं." हे म्हणाले, "कशाला लागेल?"

प्रागच्या मेट्रोला फाटकच नाही. आपल्याकडे कार्ड टेकवल्याशिवाय माशी आत जात नाही, इथे सरळ चालत जायचं. ह्यांना गहिवरून आलं. "बघ, विश्वास म्हणतात तो हा!" सरकत्या जिन्यावरून पाताळात उतरेपर्यंत त्यांनी मला पाश्चात्त्य नागरिकत्वावर व्याख्यान दिलं. ट्राममध्ये चढल्यावर तिकीट वर धरून ड्रायव्हरला दाखवलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग हे कंडक्टरची वाट बघत बसले. कंडक्टर नव्हताच.

दारापाशी एक पिवळी पेटी होती. आमच्यासारखाच दिसणारा एक पाहुणा आला, त्याने तिकीट पेटीत खुपसलं, टक् आवाज झाला, तो जाऊन बसला.

"अहो, ते बघा. आपल्यालाही करायला हवं का?"

ह्यांनी उठून प्रयत्न केला. लॅमिनेट केलेलं तिकीट त्या फटीत कसं जाणार? आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं. शेवटी शांतपणे परत येऊन म्हणाले, "आत जात नाही, म्हणजे आपल्याला ते लागू नाही." आपल्या देशाची कितीतरी यंत्रं ह्याच तर्काने चालत असणार, असं मला वाटलं. मी तसं म्हणाले नाही, नाहीतर दिवस फुकट गेला असता.

दोन दिवस मजेत गेले. किल्ला पाहिला, पूल पाहिला, पुलावर पुतळ्यांपेक्षा जास्त सेल्फी काढणारे पाहिले. घड्याळातून बाहुल्या बाहेर येतात म्हणून माना वर करून उभ्या राहिलेल्या गर्दीत आम्हीही उभे राहिलो. बाहुल्या आल्या तशा गेल्या. "ह्यासाठी आलो?" मी विचारलं. हे म्हणाले, "मेकॅनिझम बघ ना!" बाकावर बसून आम्ही मेतकूट-भात खाल्ला आणि संध्याकाळी लेकीला सगळं रंगवून सांगितलं. तिचा चेहरा पेपर तपासणाऱ्या बाईंसारखा होता, पण गुण पडत होते.

तिसऱ्या दिवशी ट्राममध्ये साध्या जाकिटातले दोघे, एक बाई आणि एक पुरुष, अचानक उभे राहिले आणि त्यांनी बिल्ले दाखवले. तिकीट तपासनीस. हे खूश झाले. तीन दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता! जुन्या ऑफिसचं ओळखपत्र दाखवावं तसं त्यांनी तिकीट पुढे केलं.

त्या बाईने ते उलटंसुलटं केलं, नखाने वाजवून पाहिलं आणि सोबत्याला बोलावलं. दोघे हसले. पेटीचा शिक्का नाही, म्हणजे तिकीट वापरलेलंच नाही, म्हणजे आम्ही फुकटे. ह्यांनी इंग्रजीत ओलाव्यापासून संरक्षणाचा मुद्दा मांडायला सुरुवात केली. ट्राममधले लोक वळून बघायला लागले. आयुष्यात कधी विनातिकीट न चढलेला माणूस प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन घाम पुसत होता. इतका वेळ मनातल्या मनात हसणारी मी, मला त्या दोघांच्या हसण्याचा भयंकर राग आला. ह्यांना हसायचा हक्क माझा आहे.

बाई जरा नरमून म्हणाली, "तुमचं इथे कोणी आहे का? भाषा येणारं? आपण फोन करू."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला डोळ्यांसमोर घंटीवाली बाथरूम दिसली.

"नाही," मी म्हणाले. "आमचं इथे कोणी नाही."

दंड भरला. उतरून आम्ही नदीकाठी आलो. "तिला सांगायचं नाही," हे म्हणाले. मी कानडीतच "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

संध्याकाळी मी वरणभात केला. लेकीने विचारलं, "मग? आजचा दिवस?"

"अगदी सोपं शहर आहे," हे म्हणाले. मान मात्र ताटात.

"खरंच कमाल केलीत हं तुम्ही दोघांनी," ती म्हणाली. "मी उगाच घाबरत होते. त्या व्हाइटफील्डवाल्यांना नाही म्हणून कळवते. राहा मल्लेश्वरमलाच."

ह्यांनी मान वर केली. घर वाचलं होतं. मी खुशीत तिला तूप वाढायला घेतलं.

"आणि मग डिसेंबरची सुट्टी पण वाचली," ती फोनवर बोट फिरवत पुढे म्हणाली. "तुमची शिफ्टिंगची गडबड असेल म्हणून येणार होते. आता काय गरज? मैत्रिणी डोंगरात चालल्यात, त्यांच्याबरोबर जाते. चालेल ना?"

"हो हो, जा की," हे म्हणाले. "आमचं छान चाललंय."

तुपाची वाटी माझ्या हातातच राहिली. आम्हाला सगळं जमतं हे दाखवायला आम्ही सात समुद्र ओलांडून आलो होतो आणि ते तिला पटलं होतं.

"आज आम्हाला ट्राममध्ये पकडलं," मी म्हणाले. "विनातिकीट. दंड झाला. बाबांनी तिकिटं लॅमिनेट केली होती."

हे माझ्याकडे बघतच राहिले. लेकीने फोन खाली ठेवला. "काय? आई, नीट सांग," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. घराचं पुढे बघता येईल असं मनाशी म्हणून मी अगदी पहिल्यापासून, सावकाश सांगायला सुरुवात केली.