मखमलीखाली गुदमरलेला अॅम्प्लिफायर

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत जे छापलेले असते ते माझ्या दृष्टीने कलम असते. अश्दोद बंदरात मालाच्या नुकसानीचे दावे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. खोक्यावर ‘हवेशीर जागी ठेवावे’ असे लिहिलेले असताना ज्याने ते बंद जागेत कोंबले, तो जबाबदार, हे मी आयुष्यभर लिहीत आलो. त्यामुळे मुंबईहून इथे येऊन वसलेल्या आमच्या ज्यू समाजाच्या सभागृहात नवा अॅम्प्लिफायर आला तेव्हा मी आधी त्याची पुस्तिका मागून घेतली. समितीतल्या कोणीही ती उघडलेली नव्हती.

हा खटाटोप मी माझ्या थोरल्या बहिणीसाठी करत होतो. ती मराठीतून कीर्तन करी. मुंबईत ती उभी राहिली की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. इथे आल्यावर गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज सुताएवढा उरला. त्या तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या मलिद्याच्या दिवशी, आपण शेवटचे कीर्तन करणार असे तिने जाहीर केले होते. तिच्यामागे म्हणणारे कोणी नव्हते. तो सुताएवढा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा, एवढीच माझी मागणी होती.

तंत्रज्ञाने काय केले? लोखंडी रॅकमध्ये अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर मिक्सर आणि पायाशी टेपरेकॉर्डर असे बसवले की मध्ये बोट जाणार नाही. मग तो रॅक व्यासपीठालगतच्या लाकडी कपाटात सरकवला, पाठ भिंतीला टेकवून. पुस्तिका सांगत होती की हे यंत्र पुढून गार हवा घेते आणि मागून गरम हवा सोडते. सोडणार कुठे? भिंतीत?

मी समितीला पत्र लिहिले, हिब्रूत, मुद्द्यांना क्रमांक देऊन. उत्तर नाही. पहिल्याचा हवाला देऊन दुसरे लिहिले, दोन्हींचा हवाला देऊन तिसरे. अखेर अध्यक्ष भेटला. माझ्या जुन्या शेजाऱ्याचा हा मुलगा, इथेच जन्मलेला. मी मराठीत विचारतो, तो हिब्रूत उत्तर देतो.

“दोद,” तो म्हणाला. मला तो असेच, काका म्हणून, हाक मारतो. “भर थंडीत आम्ही कोट घालून बसतो, आणि तुमच्या यंत्राला उकडतंय? शिवाय हॉलला मजगान आहे.”

हिवाळ्यात तो एसी गरम हवा फेकतो आणि ती हवा कपाटात शिजत राहते, हे मी त्याला समजावले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “यिह्ये बसेदर.” होईल सगळे ठीक. या देशात ज्याला काहीच करायचे नसते तो हे दोन शब्द बोलतो, आणि त्यांच्याखाली कोणाची सही नसते.

सर्वसाधारण सभेत मी माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला आणि नुकसान झाल्यास समितीचे सदस्य व्यक्तिशः उत्तरदायी राहतील असे बजावले. तेव्हा कुठे तंत्रज्ञ परत आला. कपाटाची पाठ कापली गेली, रॅक भिंतीपासून पुढे आला, अॅम्प्लिफायरच्या वरखाली एकेक खण मोकळा सुटला, आणि माथ्याशी पंखा बसला. मी त्यावर तळहात धरला. ऊन हवा निघत होती. मला समाधान वाटले, ते मी दाखवले नाही.

मलिद्याच्या दिवशी सभागृहात शिरलो आणि जागीच थांबलो. कपाट गायब होते. त्याच्या जागी वरपासून जमिनीपर्यंत लालभडक मखमल उभी होती, जरीचा काठ, खाली गोंडे. आणि त्यावर, नेमके पंख्याच्या डोक्यावर, मलिद्याचे भले मोठे ताट.

झाकण्याची ही आमची जुनी खोड. मुंबईत रेडिओला झालर होती, फ्रिजला पांघरूण होते. तोऱ्याच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, कपाटापुढे मखमली पडदा असतो, मग सभागृहात समोरच उभे असलेले हे कपाट उघडेनागडे कसे ठेवायचे? मी हरकत घेतली. बायका म्हणाल्या, तेफिला, प्रार्थना, होईपर्यंत ताट हलत नाही. अध्यक्ष म्हणाला, दोद, बसा. मी बसलो.

ताईने सुरुवात केली. तो क्षीण आवाज खरोखर मागच्या भिंतीपर्यंत जाऊन पोहोचला. हिब्रूत कुजबुजणारी पोरेही गप्प झाली. कथा रंगात आली, आणि आवाज तुटला. ताईचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हते.

अध्यक्ष धावत जाऊन बटणे दाबू लागला. मी म्हणालो, हात लावू नकोस. तापला की तो स्वतःला बंद करतो आणि निवल्याशिवाय उठत नाही, पुस्तिकेत आहे. मग तेफिला उरकू आणि वाढायला घेऊ, असे त्याने सुचवले. मागच्या खुर्च्या सरकल्यासुद्धा. ताई माइक मांडीवर घेऊन बसून राहिली.

“ताट उचल,” मी त्याला म्हणालो.

त्याने उचलले. “ठेवू कुठे?”

“कुठेही नाही. धरून उभा राहा.”

मी मखमलीला हात घातला आणि ओढली. शिवण टर्रकन फाटली. “हे कोणाच्या डोक्यातून निघालं?” मी विचारले.

“माझ्या,” ताई म्हणाली. “फाड, फाड. माझीच शिवण आहे.”

माझी पत्रे सगळ्या गावाला माहीत होती, असे मी तिला ऐकवले.

“हिब्रूत लिहिलीस ना? मला कोण वाचून दाखवणार होतं?”

बायका हसल्या. मी हसलो नाही. ती पत्रे सूचनाफलकावर लावून सर्वांना समजावणे समितीचे काम होते, माझे नव्हे.

यंत्र निवायला त्याचा त्याचा वेळ लागला. अध्यक्षाच्या हातांना रग लागली तरी मी त्याला ताट ठेवू दिले नाही. अर्धे लोक उठून दाराशी गेले होते. मग हिरवा दिवा लागला, आणि सभागृहभर ताईचा एकच शब्द घुमला.

“बसा.”

ज्यांना मराठीचे अक्षर कळत नाही तेही येऊन बसले. कथा जिथे तुटली होती तिथून ताईने ती उचलली आणि शेवटपर्यंत नेली. तोवर मी त्या उघड्या, तारा लोंबणाऱ्या रॅकपाशी पंख्यावर तळहात धरून उभा होतो.

समितीने इतिवृत्तात ‘किरकोळ तांत्रिक अडथळा’ असे लिहिले. ती नोंद मला अजूनही मान्य नाही.