लेकीला आवडलेलं क्रियापद

माझी पोट्टी कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. आज दुपारी ती खोलीत पाठ करून राहिली होती, "दामि, दासि, दास्ति." म्हणजे मी देतो, तू देतोस, तो देतो. म्हणे हे जुन्या स्लाव लोकांचं क्रियापद, आपल्या 'देणे'चं दूरचं नातलग. तेव्हा कोणीच लिहून ठेवलं नाही. विद्वानांनी त्यातून निघालेल्या रशियन, पोलिश वगैरे भाषांवरून अंदाजानं पुन्हा उभं केलं.

एक रूप चुकलं, तर पोरीनं जीभ चावली आणि पुन्हा म्हटलं. मले असं जळायला झालं! वीस वर्षं रायपूरच्या या गुढियारीतल्या घरात मी तिच्याशी मराठीतच बोलून राहिली.

दारातूनच विचारलं, "काय देऊ तुले, पोळी का भाकर?"

"कुछ भी दे दो, मम्मी."

रायपूरकरांनो, मेलेल्या भाषेवर जळणारी मी एकटीच आहे का?