पाय टेकला की नापास

आत्माराम खांबेट्यांनी उभं आयुष्य उत्तरेत, हिंदी मुलखातल्या मानक नगरला रेल्वेच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्यात घालवलं आणि कुणाला म्हणून फुकट पास केलं नाही. पोटच्या पोरीलाही नाही. मुक्ता अठराची झाली तेव्हा कॉलनीच्या मैदानात त्यांनी चुन्यानं आठचा आकडा काढला. "यावरून स्कूटर फिरव. पाय टेकला की नापास." तिचा दोनदा टेकला, दोन्ही वेळा बाईसाहेब महिनाभर सायकलवर.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे, तेलीबागला एकटे राहतात. गेल्या आठवड्यात त्यांची स्कूटर उभ्या ई-रिक्षावर जाऊन आदळली. खरचटण्यावर निभावलं, पण मुक्ताच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची स्कूटर बंद करायचीच, असं ठरवून ती रविवारी विकास नगरहून आली. नेमका फादर्स डे. तिची सात वर्षांची लेक स्वरदा आल्या आल्या नानूंसाठी, म्हणजे आजोबांसाठी, कार्ड रंगवायला बसली.

"बाबा, किल्ली द्या. प्लीज."

"अशी कशी देऊ? आधी चाचणी घे."

घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मुक्तानं आठ काढला. चांगला ऐसपैस काढला.

"यावरून ट्रक जाईल," म्हणत त्यांनी तो चपलेनं पुसला आणि स्वतः लहान काढला.

बापानं नापास व्हावं म्हणून ती आली होती आणि आता मनातल्या मनात देवाला विनवत होती, पाय टेकू देऊ नकोस. पहिलं वळण त्यांनी ताठ पाठीनं घेतलं. दुसऱ्यावर हँडल थरथरलं आणि डावा पाय टेकला. जेमतेम क्षणभर.

"मी नाही पाहिलं," मुक्ता घाईनं म्हणाली.

"मी पाहिलं ना." त्यांनी उतरून किल्ली तिच्या हातावर ठेवली.

मुक्तानं स्कूटर फाटकात आणून लावली, तीही वाकडी. एरवी त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं. आज त्यांनी नुसतं फाटक ओढून घेतलं. त्यांनी रागवावं असं तिला फार वाटलं.

तेवढ्यात स्वरदा कार्ड घेऊन धावत आली. लाल स्कूटर, पुढे नानू, मागे ती. "नानू, चलिए ना, एक राउंड! बस चौराहे तक!"

सवयीनं आत्मारामांचा हात किल्लीसाठी खिशाकडे गेला. मग त्यांनी मुक्ताकडे पाहिलं, जाऊ का असं विचारणाऱ्या पोरासारखं.

मुक्ताला हो म्हणता येईना आणि नाही म्हणवेना.